दूध आईचे, जबाबदारी दोन्ही घरांची

बारशाला माहेरहून येणाऱ्या वस्तूंत चांदीचे बोंडले अजूनही असते. वाटी, चमचा, वाळे, करगोटा यांच्यासोबत ते पाटावर मांडले जाते, पाहुण्यांकडून त्याचे कौतुक होते आणि दुसऱ्या दिवशी ते मखमली डबीत बंद होऊन कपाटाच्या खणात जाते. पुढे एका रात्री बाळ रडायचे थांबत नाही. आईच्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या असतात. घरातल्या तिन्ही पिढ्या जाग्या होतात आणि सकाळी दुकानाचे शटर वर जाण्याआधी कोणीतरी दुधाच्या भुकटीचा डबा व प्लॅस्टिकची बाटली घेऊन येते. जे खरोखर उपयोगी पडले असते ते कपाटात राहते आणि ज्याची बहुधा गरज नव्हती ते स्वयंपाकघरात येऊन बसते.

या रात्रीला कोणी एक व्यक्ती दोषी नसते. आई थकलेली असते, सासूबाई काळजीत असतात, वडिलांना काय करावे हे कोणी सांगितलेले नसते. स्तनपान ही केवळ आईची नैसर्गिक शक्ती आहे, ती आपोआप येते, असे गृहीत धरल्याने हे घडते. दूध आईचेच असते. परंतु ते वाहते राहण्यासाठी लागणारी वेळ, विश्रांती, अन्न आणि धीर हे तिला घराने द्यायचे असते. आणि हे घर एक नसते, दोन असतात.

दोन घरांमधली वाट

साताऱ्याची लेक सांगलीत सून म्हणून येणे किंवा सांगलीची लेक साताऱ्याला, कराडला, फलटणला जाणे, हे समाजाला नवे नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना मालिश, शेक, धुरी, डिंकाचे व अळिवाचे लाडू आणि आईची माया यांत जातो. मग मुहूर्त पाहून बाळ-बाळंतीण सासरी निघतात. सातारा ते सांगली हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गाडीने काही तासांची वाट. पण बाळंतिणीच्या दृष्टीने ती फार मोठी असते. माहेरी तिला कोणी काम सांगत नव्हते. सासरी भेटायला येणाऱ्यांचा राबता सुरू होतो, चहा-फराळ सुरू होतो आणि ‘आता सव्वा महिना झाला’ या एका वाक्याने तिची विश्रांती संपते.

नेमक्या याच सुमारास, म्हणजे सहाव्या आठवड्याच्या आसपास, निरोगी बाळाचे रडणेही सर्वाधिक असते. त्याची भूक एकाएकी वाढते. संध्याकाळी ते तासन् तास छातीला लागू पाहते. नवे घर, नवे हात, कमी झोप आणि अधिक रडणारे बाळ, हे सारे एकाच आठवड्यात येते. ‘तिकडे बरे होते, इथे आल्यावर दूध आटले,’ असे उद्गार याच आठवड्यात ऐकू येतात. बहुतेक वेळा दूध आटलेले नसते; आधार आटलेला असतो.

पहिला तास

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. परंतु जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत स्तनपान मिळालेली बालके केवळ ४१.८ टक्के होती. रुग्णालयापर्यंत आपण पोहोचलो, पहिल्या तासापर्यंत पोहोचलो नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांचे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. ते थोडे असते. म्हणूनच ‘अजून दूध आलेच नाही’ असे वाटते. नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. पहिल्या दिवशी एका वेळी चहाचा चमचाभर चीक त्याला पुरतो आणि रोगप्रतिकारक घटकांचे पहिले कवच त्यातूनच मिळते. सिझेरियन झालेल्या आईलाही परिचारिकेच्या मदतीने बाळाला लवकर छातीशी घेता येते. तिला कुशीवर वळवणे, बाळ धरून देणे, उशी लावणे ही कामे खोलीत थांबलेल्या नातलगांनी शिकून घ्यावीत.

जन्मतःच बाळाच्या जिभेला मध लावण्याची चाल अनेक घरांत आहे. अष्टमूलगुणांत मधाचा त्याग सांगितला असल्याने जैन घरांत ती सहसा नसते आणि वैद्यकशास्त्रही येथे त्याच बाजूचे आहे. मधातील विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मात्र मधाची जागा साखरपाण्याने, गुटीने किंवा उकळून गाळलेल्या पाण्यानेही घेऊ नये. पहिले सहा महिने, भर उन्हाळ्यातही, आईच्या दुधात बाळाला पुरेल इतके पाणी असते. डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब व औषधे तेवढी वेगळी.

‘दूध पुरत नाही’ म्हणजे काय?

घराघरांत सर्वाधिक उच्चारले जाणारे हे वाक्य आहे आणि बहुधा ते अंदाजाने उच्चारले जाते. दूध पुरते की नाही हे छातीच्या आकारावरून, बाळाच्या रडण्यावरून किंवा बाटली दिल्यावर त्याने ती संपवली यावरून कळत नाही. व्यापारी घराला हिशेबाची भाषा ठाऊक असते. येथेही जमेची बाजू मोजता येते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून बाळ दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा फिक्या रंगाची लघवी करीत असेल, शी पिवळी झाली असेल आणि दोन आठवड्यांच्या आत त्याने जन्मवजन परत गाठले असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरणे स्वाभाविक असते. मात्र जन्मवजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक उतरले तर डॉक्टरांनी बाळ तपासलेच पाहिजे.

दूध मागणीनुसार तयार होते. जितके प्यायले जाते तितके बनते. नवजात बाळाला दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते आणि दूध निर्माण करणारे संप्रेरक रात्री अधिक प्रमाणात स्रवत असल्याने रात्रीचे पाजणे विशेष मोलाचे असते. ‘सून दमली आहे, रात्री बाटली देऊ’ हा विचार मायेचा असला तरी त्यातून मागणी घटते, मागणी घटली की पुरवठा घटतो आणि आठवड्याभरात केवळ भीती असलेली गोष्ट खरी होऊन बसते. रात्री मदत करायची असेल तर बाळाला उचलून आईजवळ आणून द्यावे, पाजून झाल्यावर ढेकर काढावा, लंगोट बदलावा. ही कामे वडील उत्तम करू शकतात.

काही मातांना खरोखरच दूध कमी येते; थायरॉइडचे विकार, प्रसूतीतील अतिरक्तस्राव, पूर्वीची शस्त्रक्रिया अशी कारणे त्यामागे असतात. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध देणे हा उपचार आहे, पराभव नाही. त्या आईला एकही टोमणा ऐकावा लागू नये.

आईची दुखणी

स्तनाग्रांना चिरा पडण्याचे प्रमुख कारण बाळाची चुकीची पकड हे असते. बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालच्या काळ्या भागाचाही बराच हिस्सा जायला हवा. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि पोट आईच्या पोटाला लागलेले, ही योग्य पकडीची खूण. पाजताना सतत दुखत असेल तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब चिरांवर लावून वाळू द्यावा.

दूध दाटून छाती दगडासारखी झाली तर पाजणे थांबवू नये. थोडे दूध हाताने काढून छाती मऊ करावी, मग बाळाला लावावे. नंतर थंड पाण्याची घडी ठेवावी. एखादा भाग लाल व गरम होऊन ताप आला, तर तो संसर्ग असू शकतो. तेव्हा डॉक्टरांकडे जावे. या आजारातही बहुतेक वेळा बाळाला पाजत राहणेच हिताचे असते.

कपाटातल्या बोंडल्याचे काम येथे येते. बाळ अशक्त असेल, आई आजारी असेल किंवा काही तासांसाठी बाहेर जाणार असेल, तर स्वच्छ हातांनी काढलेले दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजता येते. बोंडले उकळत्या पाण्यात निर्जंतुक करणे सोपे. बाटलीचे बूच आणि तिच्यातील सांधे मात्र सहज स्वच्छ होत नाहीत आणि जुलाबाचे मूळ तेथेच असते. काढलेले दूध घरातल्या थंड जागी साधारण चार तास आणि फ्रीजच्या आतल्या बाजूस चोवीस तास ठेवावे. ते गॅसवर तापवू नये. वाटी कोमट पाण्यात धरावी.

काढलेल्या दुधाचे मोल महाराष्ट्राने देशाला दाखवले आहे. १९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दूधपेढी उभी राहिली. मातांनी स्वेच्छेने दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून, तपासून, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिले जाते. कोणा अनोळखी आईचे दूध कोणा अनोळखी बाळाचे प्राण राखते, ही गोष्ट दानाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला वेगळी समजावून द्यावी लागू नये.

बाळाची दुखणी: काय साधे, काय धोक्याचे

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी सौम्य कावीळ अनेक बाळांना होते. वारंवार पाजणे हा तिच्यातील महत्त्वाचा उपाय. मात्र पहिल्या चोवीस तासांतच दिसलेली, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली किंवा दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ कोवळ्या उन्हाच्या भरवशावर सोडू नये. शी पांढरट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पाजल्यावर थोडे दूध बाहेर येणे ही उलटी नव्हे. हिरवी उलटी मात्र तातडीची खूण आहे. अंगावर पिणारे बाळ दिवसातून सात-आठ वेळा पातळ पिवळी शी करील किंवा महिन्याभरानंतर दोन-तीन दिवस करणारही नाही. वजन वाढत असेल तर दोन्ही स्वाभाविक. खरे जुलाब झाले तरी स्तनपान थांबवू नये. जलसंजीवनी व झिंक डॉक्टरांच्या सांगण्यानुसार द्यावे. सर्दीने नाक चोंदले तर पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब वापरावेत आणि बाळाला किंचित उभे धरून पाजावे.

बाळाने पिणे सोडले, ते सुस्त पडले, अंग गार लागले, तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास होऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा आकडी आली, तर गुटी उगाळण्यात वेळ घालवू नये. सांगलीकरांना मिरज जवळ आहे, सातारकरांना कराड. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही जिल्ह्यांत येते.

व्रत आणि बाळंतीण

जैन घरांपुढे एक प्रश्न विशेष असतो. रात्रिभोजनत्याग, अष्टमी-चतुर्दशीचे उपवास, पर्युषण आणि दशलक्षण पर्व, चातुर्मासातील पालेभाज्यांचा त्याग, कंदमुळांचे वर्ज्य, या सर्वांतून स्तनदा मातेने कसे जावे? षोडशकारण भावनांत तप आणि त्याग हे ‘शक्तितः’, म्हणजे शक्तीनुसार सांगितले आहेत. ज्या मातेच्या आहारावर दुसरा जीव संपूर्ण अवलंबून आहे, तिची शक्ती मोजताना त्या जीवाचाही हिशेब धरला पाहिजे. दीर्घ उपवासाचा नियम घेण्याआधी तिने डॉक्टरांना विचारावे आणि मुनिश्री वा साध्वीजींपुढे आपली स्थिती स्पष्ट सांगावी. सूर्यास्तापूर्वीच जेवणाऱ्या घरात तिच्यासाठी सायंकाळचे ताट भरगच्च असावे, सूर्योदयानंतर पहिला घास तिला मिळावा आणि दिवसभर पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी राहावा.

कंदमुळांवाचून काहीही अडत नाही. डाळी, उसळी, तीळ, शेंगदाणे, भोपळा, दुधी, फळे, दूध-दही यांतून सकस आहार उभा राहतो. खरी काळजी बी-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींत जवळजवळ नसतेच. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते आणि अनेकदा पुरे पडत नाही. आईत त्याची कमतरता असेल तर तिच्या दुधातही ती येते. सुरुवातीचे काही महिने गुटगुटीत दिसणारे बाळ मग मलूल होते, हसणे कमी करते, मान धरणे वा बसणे विसरते. बोटांच्या सांध्यांवरची त्वचा काळवंडते. कधी हातापायांना कंप सुटतो. वेळेत ओळखले तर उपचार सोपा, उशीर झाला तर मेंदूच्या वाढीची हानी भरून येईलच असे नाही. म्हणून गर्भारपणातच बी-१२ ची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बाळंतपणानंतरही चालू ठेवाव्यात. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. चातुर्मासात पालेभाज्या बंद असताना त्यांचे महत्त्व अधिकच वाढते.

बेचाळिसावा दिवस

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यातून नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा कार्यकर्ती घरभेटीला येते, त्याचे एक मूळ तेथे आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. दुकानदार घरांत तिला दारातूनच ‘आमचे खासगी डॉक्टर आहेत’ असे सांगितले जाते. तसे करू नये. डॉक्टर दवाखान्यात बाळ पाहतात. ती घरात आई कशी पाजते हे पाहते.

बेचाळिसावा दिवस आणि सासरी जाण्याचा दिवस जवळजवळ एकच. माहेरच्या आशाताईंची भेट चुकते आणि सासरच्या आशाताईंकडे नाव नसते. निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाच्या नोंदी, वजनाचे आकडे बरोबर घ्यावेत. सासरी पोहोचताच जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. आणि विहीणबाईंनी विहीणबाईंना फोन करून एवढे सांगावे की बाळ रात्री किती वेळा उठते, आईला कोणत्या बाजूने पाजताना दुखते, तिला काय खाल्ल्याने बरे वाटते. मालाबरोबर बिल जाते, तसे लेकीबरोबर हे टिपण जावे. सून दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, रडवेली किंवा बाळाविषयी अलिप्त राहिली, तर तो स्वभाव समजू नये. तोही उपचाराने बरा होणारा आजार आहे.

पेढीवरचे कर्तव्य

समाजातील अनेकांची औषधांची व किराणा मालाची दुकाने आहेत. १९९२ चा शिशुदुग्ध-पर्याय कायदा, ज्यात २००३ साली दुरुस्ती झाली, त्यांना माहीत असलाच पाहिजे. शिशुदुधाची भुकटी, बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे तयार अन्न यांची जाहिरात करण्यास, खप वाढवण्यासाठी मोफत नमुने, सवलत वा भेटवस्तू देण्यास त्यात बंदी आहे. विक्रीस बंदी नाही, भुलवण्यास आहे.

याच कायद्यात दानशूर कुटुंबांनी ध्यानात ठेवावे असे कलम आहे. अनाथालय वगळता कोणालाही शिशुदुधाचे डबे किंवा बाटल्या दान करता येत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी २००५ ची पातळीही ओलांडून गेले आणि सांगलीच्या पेठा बुडाल्या. अशा संकटात पिण्याचे शुद्ध पाणीच दुर्मिळ होते. घाण पाण्यात कालवलेली भुकटी बाळाच्या जिवावर बेतते. आईचे दूध मात्र पुरातही शुद्ध राहते. म्हणून मदतीच्या पिशवीत डबा नव्हे, तर स्तनदा मातेसाठी पाणी, कोरडा सकस खाऊ आणि निवारा केंद्रात आडोशाची एक खोली, हे आधी असावे.

दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांचाही विचार व्हावा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा २०१७ पासून लागू आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सवडही आहे. पाच जणांच्या दुकानाला कायदा लागू नसेल, करुणा लागू असते. आणि घरच्या सुनेला रजा देणारा तर कोणताच कायदा नाही. ती घरानेच द्यायची असते.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने समाजाला बालपणापासून शिकवली जातात. बाळंतिणीला वेळेवर ताट देणे हे आहारदान, तिची तपासणी व गोळ्या न चुकवणे हे औषधदान, पकड कशी असावी हे तिला समजावणे हे ज्ञानदान आणि मध्यरात्री बाळ रडत असताना ‘तुझे दूध पुरते आहे, मी जवळ आहे’ असे सांगणे हे अभयदान. त्यासाठी सांगली-साताऱ्याच्या कोणत्याही घराला नवी वस्तू विकत आणावी लागणार नाही. कपाटातले बोंडले तेवढे बाहेर काढून उकळून ठेवावे.